वारा पडायची वाट

दर तीन दिवसांनी अर्धा पेला.
त्याहून जास्त कधी मागितलं नाही
आमच्या चौऱ्याऐंशी सालच्या रेनो बाराने.
सगळ्याच गाड्या पाणी पितात, नेलिदा, बाबा म्हणतात,
आणि पत्र्याचा मग घेऊन अंगणात निघतात.
नळाचं साधं पाणी.
बोनेट उघडायचं, ओतायचं, थोपटायचं.

पण एप्रिल सरत आला.
जूनमध्ये सारमिएन्तोत तळ्याच्या कडा गोठतात,
आणि बाटलीतला हिरवा रंग
मगामगाने फिका पडत
काकडीच्या पाण्यासारखा झालाय.
असलं पाणी गोठलं तर इंजिन तडकतं.
शाळा साठ किलोमीटर,
वाटेत मेंढ्या, आणि मेंढ्या.

गाडीखाली पुठ्ठा अंथरला. वाऱ्याने नेला.
दुसरा अंथरला, चारी कोपऱ्यांवर दगड.
सकाळी कोरडा ठाक.
थेंब जमिनीपर्यंत पोचतच नव्हता,
गरम लोखंडावर वाटेतच विरत होता.
हीटर लावला की मात्र गोडसर वास,
चुलीवर विसरलेल्या काढ्यासारखा,
आणि काचेला आतून चिकट धुकं.
वर्गातल्या पोरांनी त्यावर बोटांनी घोडे काढलेत.
पुसले तरी पुन्हा उगवतात.

शेजारच्या कोर्नेलियोने एक झाकण दिलं,
रेडिएटरचंच, जुनं,
भोक पाडून सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह बसवलेलं.
हे लाव, पंप मार, म्हणाला, आणि कानोसा घे.

कानोसा!
इथे पश्चिमेचा वारा
पत्रे, तारा, पॉपलरची रांग
सगळ्यांना एकदम बोलायला लावतो.
आणि बाबांना तर विचारायलाच नको,
तेवीस वर्षं तेलविहिरींवर पंपांच्या धडधडीला
कान देऊन, म्हणजे देऊनच, आलेत.

मग मी वाट पाहिली. अकरा दिवस.
बाराव्या रात्री चारच्या सुमाराला
शांततेने जाग आली.

बाबांचा कोट, पायात त्यांचेच बूट, तोंडात टॉर्च.
झाकण बसवलं. पंपाचे दहा दट्टे, बारा.
श्वास धरला.
काहीच नाही.
मग इंजिनाच्या मागून, खूप खालून,
कुणी दाताच्या फटीतून हवा घ्यावी तसं
स्स्स.

हीटरकडे जाणारी नळी.
तोंडाशी पांढरट हिरवी खरवड,
आणि क्लिपच्या जागी तार. कुंपणाची.
सात वेढे, पक्कडीने पिळलेले,
टोक आत दुमडलेलं,
कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून.
ही गाठ मी ओळखते.
माझ्या शाळेच्या दप्तराचा पट्टा
अशाच गाठीवर सहा वर्षं तगला.

गाड्या पाणी पितात म्हणे.

उजाडल्यावर नळी दोन बोटं कापली.
तडा तेवढ्यातच होता, पुढे रबर धडधाकट.
पाइपचं तोंड पॉलिश पेपरने घासलं, नवी क्लिप आवळली.
जुनं पाणी बादलीत काढून वर फळी ठेवली,
गोडाला भुलून कुत्रं मरतं त्याने.
नवं हिरवं ओतलं,
अडकलेली हवा निघेपर्यंत
नळी दाबत राहिले, सड पिळावा तशी.
एव्हाना वारा परतला होता
आणि मला माझंच पुटपुटणं ऐकू येईना.

बाटलीवर नेलपॉलिशने रेघ मारली.
तार बाबांच्या खिळ्यांच्या डब्यात ठेवली, वरच, दिसेल अशी.
त्यांच्या कानावर काही घातलं नाही,
घालायचं तर ओरडावं लागतं,
आणि हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

रविवारी मग घेऊन आले.
बोनेट उघडलं.
पाणी रेघेवर.
वाकून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं,
नळीपाशी अंगठा नेला, क्लिपवरून फिरवला,
आणि अंगठ्याकडे बघत राहिले. कोरडा.

मग हातातल्या मगाचं काय करावं ते सुचेना.
इकडे तिकडे पाहिलं,
आणि उभ्या उभ्या
गटागटा पिऊन टाकलं.